नडगीच्या खालच्या टोकाचा अस्थिभंग : पट्टी, सळई आणि कडे यांचा तुलनात्मक इतिहास

प्रास्ताविक

शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा साधनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक साली पट्टी आली, तमुक साली सळई आली, मग कडे आले आणि प्रत्येक नव्या साधनाने जुन्याला मागे टाकले, असा त्याचा साचा ठरलेला असतो. गुडघ्याखालच्या मोठ्या हाडाच्या, म्हणजे अंतर्जंघास्थीच्या, खालच्या टोकाला होणाऱ्या अस्थिभंगाबाबत हा साचा टिकत नाही. येथे गेल्या सव्वाशे वर्षांत जवळजवळ प्रत्येक पद्धत एकदा विजयी ठरली, नंतर बदनाम झाली आणि पुढे वेगळ्या रूपात परतली. असे का घडले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे. लेखक वैद्यकाचा नव्हे, इतिहासाचा अभ्यासक आहे. त्यामुळे कोणत्या रुग्णावर कोणती शस्त्रक्रिया करावी हा या लेखाचा विषय नाही. दोन पद्धतींची तुलना कोणी, कोणत्या रुग्णांवरून आणि कशाच्या मापाने केली, एवढाच प्रश्न येथे विचारला आहे.

आरंभी शरीररचनेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. नडगीवर वरपासून खालपर्यंत बोट फिरवले तर हाडाची आतली बाजू थेट कातडीखाली लागते. मध्ये मांस नाही. घोट्याजवळ तर पोटरीचे स्नायूही संपून त्यांचे दोर झालेले असतात. हाडाला आतून रक्त पुरवणारी मुख्य धमनी वरच्या भागात मागच्या बाजूने शिरते आणि पोकळीतून खाली उतरते. खालच्या भागात हाड मोडले की ही धमनी बहुधा तुटते, आणि मग खालचा तुकडा हाडावरच्या पातळ आवरणातील बारीक वाहिन्यांवर जगतो. पट्टी बसवण्यासाठी शल्यविशारदाने हेच आवरण खरवडून काढले, तर उरलेला पुरवठाही जातो. पुढील सर्व वाद या एका अडचणीतून निघाले आहेत.

शस्त्राआधीचा काळ

हाड मोडल्यावर ते सरळ करून बांधावे, हे ज्ञान प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत झाडांच्या साली व बांबूच्या कामट्यांनी बांधण्याचा विधी आहे, आणि मांडी व जंघा यांच्या भंगासाठी रुग्णाला फळीवर निजवून खुंट्यांच्या आधाराने पाय स्थिर ठेवणारे ‘कपाटशयन’ही सांगितले आहे. तथापि, कातडी फाडून हाड बाहेर आले की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातील शल्यविशारदासमोर सहसा एकच सुरक्षित मार्ग असे : पाय कापणे.

या संदर्भात लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांची कथा नेहमी सांगितली जाते. १७५६ च्या जानेवारीत ते घोड्यावरून पडले आणि त्यांच्या नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर आले. त्यांनी कोणालाही आपल्याला हलवू दिले नाही. रस्त्यावर पडल्या पडल्या एक दार विकत घेतले, पालखीवाल्यांचे दांडे त्याला ठोकवून घेतले आणि त्यावरून घरी गेले. सहकाऱ्यांनी पाय कापण्याचा निर्णय घेतलाच होता. पण त्यांचे गुरू एडवर्ड नोर्स ऐनवेळी आले आणि त्यांच्या सल्ल्यावरून पाय राखला गेला. घोट्याच्या एका विशिष्ट भंगाला ‘पॉटचा भंग’ म्हणतात आणि तोच पॉट यांना झाला होता, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. त्यांचा स्वतःचा भंग निराळा होता आणि घोट्याच्या भंगाचे वर्णन त्यांनी अस्थिभंगावरील १७६८ च्या पुस्तकात केले.

पॉट यांच्या बाबतीत जे दैवावर सोपवले गेले, त्याचे कारण शंभर वर्षांनी सापडले. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगो रॉयल इन्फर्मरीत जेम्स ग्रीनलीस नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाला आणले गेले. गाडीचे चाक पायावरून जाऊन त्याच्या नडगीचा उघडा भंग झाला होता. जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बॉलिक आम्लात भिजवलेले कापड ठेवले. जखमेत पू झाला नाही आणि सहा आठवड्यांनी हाड जुळले. जंतुनाशक शस्त्रक्रियेच्या इतिहासातील हा आद्य रुग्ण नडगीचाच असावा, यात आश्चर्य नाही. उघडा भंग सर्वाधिक होतो तो याच हाडाला. लिस्टर यांनी १८६७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले रुग्ण प्रसिद्ध केले आणि त्यानंतरच धडधाकट कातडी कापून आतले हाड जोडण्याचा विचार करणे शक्य झाले.

पट्टीचा उदय

हाम्बुर्गच्या कार्ल हान्समान यांनी १८८६ साली धातूची पट्टी व स्क्रू वापरल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. त्या पट्टीचे टोक आणि स्क्रूंच्या दांड्या कातडीबाहेर ठेवलेल्या असत, म्हणजे पुढे त्या ओढून काढता येतील. ‘ऑस्टिओसिंथेसिस’ म्हणजे अस्थिसंधान हा शब्द रूढ केला तो बेल्जियमच्या आल्बँ लांबोत यांनी. पट्ट्या, स्क्रू, बाहेरून धरणारी चौकट, अशी पुष्कळ साधने त्यांनी स्वतः घडवली.

मात्र तुलनेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे नाव लंडनच्या विल्यम आर्बथनॉट लेन यांचे आहे. गोदीत ओझी वाहणारे मजूर पाय मोडल्यावर वाकड्या जुळलेल्या हाडानिशी परत येतात आणि त्यांची पूर्वीची कमाई होत नाही, हे त्यांनी पाहिले होते. त्यांचा युक्तिवाद वैद्यकीय होता तितकाच आर्थिकही होता : प्लास्टर घालून हाड जुळते हे खरे, परंतु मजूर पुन्हा मजूर होतो काय? जखमेला बोटही न लावता लांब दांड्यांच्या हत्यारांनी पट्टी बसवण्याची शिस्त त्यांनी घालून दिली. त्यांच्या हाती पट्ट्या यशस्वी होत. इतरांच्या हाती जखमा चिघळत आणि पोलादही शरीरात गंजे. पद्धतीचे यश शोधकाच्या हाताशी बांधलेले असणे, हा प्रकार पुढेही अनेकदा भेटणार आहे.

या वादातून ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने एक समिती नेमली आणि तिचा अहवाल १९१२ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या साध्या भंगांच्या अंतिम परिणामांची एवढ्या विस्ताराने केलेली ही पहिली तुलना म्हणावी लागेल. मुलांमध्ये शस्त्रक्रियेविना उत्तम परिणाम मिळतात आणि वय वाढते तसे ते खालावतात, असे तिला आढळले. हाड रचनेच्या दृष्टीने नीट जुळले तर पायही बहुधा नीट चालतो, हे तिचे दुसरे म्हणणे. हे दुसरे विधान पुढच्या सत्तर वर्षांचे ब्रीद झाले. त्यात जे गृहीत होते ते, म्हणजे हाड नीट बसवताना वरची कातडी जगली पाहिजे, कोणी वेगळे लिहिले नाही.

क्ष-किरणांनी या भंगाला स्वतंत्र नावही दिले. लियाँचे एतियेन देस्तो हे क्ष-किरणांच्या आद्य उपासकांपैकी होते. १९११ साली त्यांनी नडगीच्या खालच्या टोकाला ‘पिलाँ’ म्हटले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ खलबत्त्यातला बत्ता. उंचावरून पडणाऱ्या माणसाच्या देहाचा भार या बत्त्याने घोट्यावर आदळतो आणि चुरा होतो तो बत्त्याचाच. आजही सांध्यात शिरणाऱ्या भंगाला याच नावाने ओळखतात. मराठीत त्याला नाव नाही. ‘घोट्याच्या वर चुरा झालाय’ एवढे आपण म्हणतो, आणि ते पुरेसे अचूक आहे.

स्वित्झर्लंडचे चार नियम

ब्रुसेल्सचे रॉबेर दानी यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले की, हाडाचे दोन तुकडे दाबून घट्ट धरले तर ते भोवती नव्या हाडाची गाठ न धरता थेट सांधतात. पुढच्याच वर्षी मॉरिस म्युलर हा तरुण स्विस शल्यविशारद त्यांना भेटून आला. ६ नोव्हेंबर १९५८ रोजी बील या गावी म्युलर, मार्टिन आल्गोवर, हान्स विलेनेगर, रॉबर्ट श्नायडर आदी तेरा जणांनी एक अभ्यासगट स्थापन केला. तो ‘ए.ओ.’ या आद्याक्षरांनी जगभर ओळखला जातो. हाड मूळ रचनेप्रमाणे बसवावे, घट्ट धरावे, रक्तपुरवठा राखावा आणि सांधा लवकर हलवावा, अशी त्यांची चार सूत्रे होती. प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद व क्ष-किरण चित्रे मध्यवर्ती केंद्राकडे पाठवण्याची सक्ती त्यांनी स्वतःवर घालून घेतली. इतिहासकाराला या गटाचे पोलादापेक्षा हे दप्तरच अधिक मोलाचे वाटते. आपल्या अपयशाची नोंद ठेवण्याची सवय शल्यविशारदांना तोपर्यंत फारशी नव्हती.

या दप्तरी शिस्तीतूनच टोमास रुएडी आणि आल्गोवर यांचा १९६९ चा निबंध आला. सांध्यात शिरलेल्या ८४ भंगांचा त्यांनी आढावा घेतला. त्यांनी सांगितलेल्या पायऱ्या चार होत्या : आधी बाजूच्या बारीक हाडाची, बहिर्जंघास्थीची, लांबी पूर्ववत करावी, मग सांध्याचा पृष्ठभाग जुळवावा, चुरा होऊन पडलेली पोकळी रुग्णाच्याच दुसऱ्या हाडाचा भुगा घालून भरावी, आणि शेवटी आतल्या बाजूने आधाराची पट्टी लावावी. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचा पाय काही वर्षांनंतर चांगला चालत होता. ज्या भंगाला त्याआधी शल्यविशारद जवळजवळ असाध्य मानत, त्याच्या बाबतीत हा परिणाम चकित करणारा होता. १९७३ मध्ये नऊ वर्षांनंतरची स्थिती प्रसिद्ध झाली. तीही समाधानकारक होती.

मग ही पद्धत आल्प्सबाहेर गेली आणि बिघडली. येथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण सूत्रांत काही चूक नव्हती. स्विस लेखकांचे बहुतांश रुग्ण बर्फावर घसरून पडलेले स्कीपटू होते. त्यांचा पाय पिळवटून मोडला होता, सूज मर्यादित होती, कातडी शाबूत होती, आणि ते डोंगरावरून थेट निष्णात हातांत पोहोचत होते. टोरांटो, शिकागो किंवा मुंबईत येणारा रुग्ण मोटारीच्या धडकेचा अथवा इमारतीवरून पडलेला असे. त्याच्या बत्त्याचा चुरा सरळ दाबाने झालेला असे आणि कातडीवर काही तासांत रक्ताचे फोड उठत. कॅनडातील केलम व वॉडेल यांनी १९७९ सालीच हे दोन प्रकार वेगळे करून दाखवले : पिळवटून झालेल्या भंगांचे परिणाम चांगले, दाबाने फुटलेल्यांचे बरेच वाईट. परंतु पाठ्यपुस्तकात भंगाचे चित्र हाडाचे असते, कातडीचे नसते; त्यामुळे १९८० च्या दशकभर त्या फुगलेल्या पायांवर लांब छेद घेऊन मोठ्या पट्ट्या बसवल्या गेल्या. जखमा उघड्या पडल्या, हाडात पू झाला, काहींचे पाय कापावे लागले.

अमेरिकेत १९९६ साली विर्श व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली चाचणी या अनुभवाचा हिशेब होती. चिठ्ठीपद्धतीने रुग्ण दोन गटांत विभागले : एका गटात उघडून पट्टी, दुसऱ्यात बाहेरची चौकट आणि गरजेपुरते लहान स्क्रू. उघडून केलेल्या गटात गुंतागुंत जास्त आणि अधिक गंभीर आढळली. उलट कालांतराने पाय किती चालतो, यात दोन्ही गटांत मोठा फरक नव्हता. पट्टीचा काळ संपला असे अनेकांना वाटले. पण प्रश्न पट्टी की चौकट हा नसून ‘केव्हा’ हा असू शकतो, ही शंका तोवर पुरेशी तपासली गेली नव्हती. १९९९ साली अमेरिकेतूनच आलेल्या दोन निबंधांनी तिला उत्तर दिले. पहिल्या दिवशी फक्त बहिर्जंघास्थी बसवून घोट्यापलीकडे चौकट लावायची आणि थांबायचे. दोनेक आठवड्यांनी सूज उतरून कातडीवर पुन्हा बारीक सुरकुत्या पडल्या की मगच छेद घ्यायचा. साधन तेच होते आणि तीस वर्षांपूर्वीच्या त्याच चार पायऱ्या होत्या. मध्ये घातली होती ती केवळ प्रतीक्षा, आणि तेवढ्याने परिणाम बदलले.

सळईची वाट

सांध्यापासून थोडे वर मोडलेल्या हाडाची कथा वेगळ्या दिशेने गेली. कीलच्या गेरहार्ड क्युंचर यांनी १९३९ च्या अखेरीस मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी सळई ठोकली आणि १९४० मध्ये बर्लिनच्या परिषदेत ती मांडली. युद्ध चालू असल्याने बाहेर कोणाला पत्ता लागला नाही. जर्मन कैदेतून सुटून परतलेल्या सैनिकांच्या क्ष-किरण चित्रांत लांबलचक सळया दिसल्या, तेव्हा दोस्त राष्ट्रांचे डॉक्टर बुचकळ्यात पडले. सळईचा मोठा गुण असा की, भंगाच्या जागी कातडीला धक्काच लागत नाही. ती गुडघ्याजवळून आत जाते.

तथापि नडगीची पोकळी मध्ये अरुंद आणि खाली नरसाळ्यासारखी रुंद होत जाते. तेथे सळई म्हणजे रांजणात उभी केलेली काठी. ती खालच्या तुकड्याला धरीत नाही आणि तो वाकडा होतो. १९७० च्या दशकात जर्मनीत क्लेम व शेलमान यांनी आणि स्त्रासबुर्गला ग्रोस व केम्फ यांनी सळईतून आडवे स्क्रू घालून ती दोन्ही टोकांना जखडण्याची पद्धत विकसित केली, तेव्हा सळईची हद्द खाली सरकली. आपल्याकडे रुग्ण ‘रॉड टाकला’ म्हणतात तो हाच.

पट्टीनेही दरम्यान आपले रूप बदलले. १९९७ साली हेल्फेट व सहकाऱ्यांनी दोन लहान छेदांतून कातडीखाली पट्टी सरकवून भंगाची जागा न उघडण्याची पद्धत या भागासाठी सांगितली. २००० नंतर स्क्रूचे डोके पट्टीतच आट्यांनी बसवणाऱ्या पट्ट्या आल्या. त्या हाडावर दाबाव्या लागत नाहीत, त्यामुळे खालच्या आवरणावरचा भार कमी होतो. शवांवरील २००२ च्या एका अभ्यासात बोरेली व सहकाऱ्यांनी दाखवले की, उघडून बसवलेली पट्टी बाहेरचा रक्तपुरवठा सरकवलेल्या पट्टीपेक्षा बराच जास्त तोडते. दानींची घट्ट, गाठ न धरणारी जुळणी आता आदर्श उरली नाही. थोडी हालचाल राहून गाठ धरली तरी चालते, असे ए.ओ. परंपरेतीलच लोक म्हणू लागले.

या साऱ्या गोंगाटात ऑगस्टो सार्मिएन्तो यांचा आवाज एकाकी राहिला. १९६७ मध्ये त्यांनी गुडघ्याखालचे, चालता येईल असे प्लास्टर मांडले. पुढे नडगीच्या खालच्या तृतीयांशातील ४५० बंद भंगांवर निव्वळ आधारपट्ट्याने केलेल्या उपचारांचा अहवाल त्यांनी दिला. त्यातील बहुसंख्य हाडे सुखरूप जुळली होती. थोडा वाकडेपणा माणसाला चालतो, असे ते सांगत. हे म्हणणे खोडले गेले म्हणण्यापेक्षा मागे पडले, असे म्हणणे योग्य ठरेल.

कुर्गानचे कडे

सायबेरियातील कुर्गान येथे गाव्रील इलिझारोव्ह यांनी १९५१ पासून ताणलेल्या तारा आणि गोल कडी यांची चौकट वापरली. मॉस्कोने तिची बरीच वर्षे दखल घेतली नाही. ती मिळवून दिली एका खेळाडूने. टोकियो ऑलिंपिकमधील उंच उडीचा सुवर्णपदक विजेता व्हालेरी ब्रुमेल १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात सापडला आणि त्याच्या उजव्या पायाचा चुराडा झाला. अनेक शस्त्रक्रिया होऊनही हाड जुळेना. १९६८ साली तो कुर्गानला गेला. पाय बरा झालाच, शिवाय पुढे त्याने दोन मीटरहून उंच उडी मारली. पश्चिमेला ही विद्या नेली इटालियन गिर्यारोहक कार्लो मौरी याने. त्याच्या नडगीचे जुने दुखणे १९८० मध्ये कुर्गानला दूर झाले आणि १९८१ साली इलिझारोव्ह इटलीत व्याख्यानाला आले.

कड्याचे मोठेपण, आतून जोडणे अशक्य झाले तेव्हा दिसते : हाडात पू आहे, हाडाचा तुकडाच गेला आहे, कातडी उरलेली नाही. महाराष्ट्रात मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी या तंत्राच्या प्रसारात मोठा वाटा उचलला. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी साध्या तारा, दांड्या व जोडण्यांची हलकी आणि स्वस्त चौकट बनवली; ती ‘जेस’ या नावाने सर्वत्र परिचित आहे. तुलनात्मक चाचण्यांत या चौकटी क्वचितच दिसतात. त्या दिसतात तालुक्याच्या रुग्णालयातून पाठवलेल्या, आठवडाभर उशिरा पोहोचलेल्या पायांवर.

मोजमापाचा प्रश्न

सांध्यात न शिरणाऱ्या भंगासाठी पट्टी की सळई, हा प्रश्न २००० नंतर चिठ्ठीपद्धतीच्या चाचण्यांकडे गेला. कोरियातील इम व ताए (२००५) आणि अमेरिकेतील व्हॅलिए व सहकारी (२०११) यांच्या चाचण्यांचे सूत्र सारखे होते : सळईने हाड वाकडे जुळण्याचा धोका अधिक, उघडून बसवलेल्या पट्टीने जखमेचा. दोघांनीही प्रामुख्याने अंश आणि आठवडे मोजले.

ब्रिटनमधील २८ केंद्रांत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने रुग्णालाच विचारले. ३२१ रुग्ण सळई व आट्यांची पट्टी या दोन गटांत वाटले गेले आणि शून्य ते शंभर अशा मापावर त्यांना आपली असमर्थता सांगायची होती. सहा महिन्यांनी सळईच्या गटाची सरासरी २९.८ आणि पट्टीच्या गटाची ३३.८, हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या सिद्ध होत नव्हता. बारा महिन्यांनी तर दोन्ही आकडे जवळजवळ एक झाले. प्रमुख निष्कर्ष म्हणून ‘फरक नाही’ असेच छापले गेले, आणि नियमांनुसार ते योग्यच होते. पण त्याच तक्त्यात तीन महिन्यांचे आकडेही आहेत : ४४.२ आणि ५२.६. येथे फरक स्पष्ट होता, आणि तो सळईच्या बाजूने होता.

सहा महिन्यांचा आकडा मुख्य आणि तीन महिन्यांचा दुय्यम, हे चाचणी सुरू होण्यापूर्वी ठरलेले होते. आजारपणाची रजा व भत्ता मिळणाऱ्या देशात ते समजण्यासारखे आहे. लेन यांच्या गोदीतल्या हमालासाठी, किंवा आपल्याकडे बांधकामाच्या परांचीवरून पडलेल्या रोजंदारी मजुरासाठी, उलट क्रम लावावा लागला असता. त्याचे घर तिसऱ्या महिन्याच्या आतच मोडते. त्या मजुराच्या पायाची तुलना अजून या मापाने कोणी केलेली प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. शिवाय तो उंचावरून पडला असेल, तर त्याचा भंग सांध्यातच शिरलेला असण्याचा संभव अधिक, आणि असे भंग या चाचणीतून आरंभीच वगळलेले होते. त्याच्या बाबतीत पायाला चौकट लावून ठेवतात, आणि शल्यविशारद रोज सकाळी घोट्यावरच्या कातडीवर सुरकुती उमटली का ते पाहतो.